इंजिन फळीवर नव्हे, पठाणावर

(गास येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर माझा विषय छापलाय ‘वसईच्या होड्या : काल आणि आज’. त्यातला काल तुम्हाला पाठ आहे. सोपाऱ्याचं बंदर, १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेलेली वसई, १७३९ची चिमाजी अप्पांची मोहीम, हे इथल्या शाळकरी मुलालाही विचारा. शिडाचे मचवे गेले, डिझेल इंजिनाच्या बोटी आल्या, त्याचीही उजळणी नको. मी सरळ आजवर येतो, आणि आजमध्येही होडीच्या शेवटच्या दोन फुटांवर. तिथं आऊटबोर्ड मशीन बसतं.

ओले एव्हिनरूडनं अमेरिकेत हे मशीन १९०९च्या सुमाराला बाजारात आणलं. केरळच्या किनाऱ्यावर ते १९८०नंतर झपाट्यानं पसरलं. आपल्याकडच्या लहान होड्यांनीही ते घेतलं, कारण वल्ह्यानं दमणारा माणूस वाऱ्याची वाट न बघता घरी येऊ लागला. ही फार मोठी गोष्ट आहे. मी मशीनच्या विरोधात बोलायला उभा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. (मागून आवाज : “मग कुणाच्या विरोधात?”) सांगतो, सांगतो.

अडचण कुठं येते? होडी बांधली वल्ह्यासाठी आणि शिडासाठी. तिच्या पाठीमागच्या उभ्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर, सुकाणू टांगलं की काम झालं, एवढाच तिचा हिशेब होता. मशीनचा दांडा मात्र ठरावीक मापाचा येतो : आखूड १५ इंची, लांब २० इंची. फळी त्याहून उंच असेल तर पंखा पाण्यात पुरता बुडत नाही, हवा ओढतो आणि नुसता घरघरतो. मग काही जण फळीच मध्ये कापून खाच पाडतात. हे करू नका. पाठीमागून आलेली लाट त्या खाचेतून थेट जाळ्यावर येते. त्यापेक्षा मागं ब्रॅकेट लावावा, म्हणजे फळीची उंची शाबूत राहते आणि मशीन हव्या त्या पातळीवर बसतं. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत यावी, हा मूळ नियम. ब्रॅकेट जितके फूट मागं जाईल तितके इंच मशीन वर घ्या, असंही सांगतात. पण तो हिशेब वेगात पाण्यावर चढणाऱ्या बोटींचा आहे. जाळ्यानं भरलेली आपली होडी पाणी कापत जाते, तिला तो लावू नका.

आता अर्नाळ्याची एक हकीकत सांगतो. नाव घेत नाही, त्या तांडेलाचे नातेवाईक इथं बसलेत. (हशा) होडी लाकडी, चांगल्या सागाची. ब्रॅकेट केला गेट-ग्रिल बनवणाऱ्याकडून, जाड अँगलचा. ब्रॅकेट असा मजबूत, की त्यावर दोन माणसं उभी राहावीत. फळीला चार भोकं पाडली, बोल्ट आवळले, आतून रुपयाएवढे वॉशर. वैतरणेच्या मुखाशी वाळूचे बांध आहेत, ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक. ओटी जोरात बाहेर निघालेली, वरून पश्चिमेचा वारा समोर. अशा वेळी तिथं लाटा उभ्या राहतात. होडी नाळेवर आपटली, मागचा भाग उचलला गेला, पंखा बाहेर आला, पुन्हा पाण्यात शिरला, आणि पूर्ण ताकदीनं ढकलता झाला. वरचे दोन बोल्ट वॉशरसकट फळीतून आरपार निघाले. ब्रॅकेटला ओरखडा नाही! फळी मात्र उभी चिरली. एकानं मशीन दोरानं बांधून आत ओढलं, दुसऱ्यानं फाटीत गोणपाट कोंबलं, आणि वल्ही मारत मंडळी किनाऱ्याला लागली. माणसं वाचली, कारण वल्ही अजून होडीत होती.

असं का झालं, ते आकड्यांत बघा. धरू या, मशीन ४० किलोचं आणि फळीपासून ४५ सेंटिमीटर मागं. पंख्याचा रेटा १०० किलोचा, खालच्या बोल्टच्या ६० सेंटिमीटर खाली. रेटा खालच्या टोकाला पुढं ढकलतो, वजन मशीनला मागं पाडू बघतं. दोन्ही मिळून वरचे बोल्ट उपटायला बसतात. खालच्या-वरच्या बोल्टमध्ये अंतर २५ सेंटिमीटर असेल, तर वरच्या जोडीवर तीनशे किलोंहून जास्त ओढ येते. आणि लाटेचा झटका यात धरलेलाच नाही. तेच अंतर दुप्पट करा, ओढ निम्म्यावर येते. जादा पैसा लागत नाही, फक्त ब्रॅकेटच्या पट्ट्या लांब लागतात.

पण तेवढ्यानं भागत नाही. ती ओढ फळीनं एकटीनं का सोसावी? फळीच्या आतून उभा सागाचा ठोकळा हवा. तो खाली पठाणाला, म्हणजे होडीच्या तळकण्याला बांधलेला हवा, आणि दोन्ही बाजूंना कोनाच्या लाकडांनी कडेच्या फळ्यांना. मग मशीनचा रेटा सगळी होडी झेलते. गासमध्ये हे पटवून द्यायला नको. विहिरीवरचे रहाट जाऊन ऑइल इंजिनं आली तेव्हा बागायतदारांनी इंजिन मातीवर ठेवलं नाही. आधी खोल पाया खणला.

(एक श्रोता : “म्हणजे दोष आमच्या वेल्डरचा?”) नाही, भाऊ. त्याचं काम चोख होतं, ते मी आताच सांगितलं. माझी तक्रार एवढीच की होडीच्या सुताराला कुणी बोलावलंच नाही. पठाण कुठं संपतो, कुठला वाक कुठं येतो, लाकडाची शीर कुठल्या दिशेला जाते, हे त्यालाच ठाऊक असतं. वेल्डरनं लोखंड करावं, पण माप सुतारानं द्यावं. फायबरची होडी असेल तरी तेच, कारण तिच्या फळीच्या पोटात बहुधा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून पाणी झिरपलं की ते आतल्या आत कुजतं, बाहेरून रंग मात्र चकचकीत दिसतो. हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघा. आवाज बसका आला तर मशीन लावू नका.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरली. कोचीच्या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेबद्दल सांगायचं होतं. १९५७पासून ती होड्यांवर काम करते, रबराच्या लाकडाला फायबरचं आवरण देऊन तिनं होड्या बांधल्या. ते राहू दे. कामाचं तेवढं सांगतो. भोक जरा मोठं पाडा, इपॉक्सीनं भरा, सुकल्यावर मधून पुन्हा पाडा, म्हणजे लाकडाला पाणी शिवत नाही. वॉशरऐवजी आतून अखंड पट्टी घाला. मशीनचा पाय ॲल्युमिनियमचा असतो. लोखंडी ब्रॅकेटला टेकून खाऱ्या पाण्यात राहिला की तो झिजतो, तेव्हा मध्ये रबर घाला आणि मशीनवरचा जस्ताचा तुकडा संपला की बदला. त्या जस्ताला रंग लावू नका.

मासेमारीची बंदी १ जूनला लागते आणि ३१ जुलैला उठते. बरेच जण हे काम त्या दोन महिन्यांत काढतात. तेव्हा लाकूड ओलं असतं आणि ओल्या लाकडावर इपॉक्सी धरत नाही. म्हणून यंदा मे महिन्यातच होडी वर घ्या, कोरडी होऊ द्या, आणि वेल्डरकडे जाण्याआधी सुताराला घरी बोलवा. फळी उघडून दाखवायची कुणाची तयारी असेल, तर मी अर्नाळ्यापर्यंत यायला तयार आहे.