पाण्यातला वायू सांगतो खडकातली भेग



गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंनी बोअरसाठी कर्ज घेतलं. नारळ हातावर धरणाऱ्यानं जागा दाखवली. दोनशे फूट खाली गेलं तरी नुसता फुफाटा! पाणी लागलं नाही, हप्ता मात्र लागला. आणि बांधापलीकडच्या विहिरीला मे महिन्यातही पाणी. असं का?

आपल्याकडे जमिनीखाली काळा खडक आहे. अखंड खडकात पाणी मावत नाही, ते भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात असतं. वर माती-मुरूम असल्यानं भेग दिसत नाही. पण तिची एक खूण पाण्यातच विरघळलेली असते. रेडॉन आणि हेलियम हे ते दोन वायू. त्यांना ना रंग, ना वास.

खडकात अगदी थोडं युरेनियम असतं. त्यापासून पुढे रेडॉन तयार होतो आणि सुमारे ३.८ दिवसांत निम्माच उरतो. हातात आलेली भाकरी गरम असली की चूल जवळच आहे हे आपण ओळखतो, तसंच हे. एखाद्या बोअरच्या पाण्यात आसपासच्यापेक्षा रेडॉन बराच जास्त निघाला, तर ते पाणी नुकतंच जवळच्या भेगेतून आलेलं असू शकतं.

हेलियम मात्र नासत नाही. तो खोलातून भेगांच्या वाटेनं वर येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तिथली भेग अभ्यासताना शास्त्रज्ञांनी जमिनीतला हेलियमही मोजला होता.

ही तपासणी खास यंत्रावर होते. सोड्याची बाटली उघडी ठेवली की गॅस उडतो ना? म्हणून नमुन्याची बाटली बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरून लगेच बंद करतात.

पण ही खूण भेगेची आहे, पाण्याची हमी नव्हे. खडकातच युरेनियम जास्त असलं तरी रेडॉन वाढतो. म्हणून भूवैज्ञानिक जोडीला नकाशा, जमिनीची विद्युत तपासणी आणि विहिरींची पातळीही बघतात.

पातळीचं काम तर आपल्याला जमण्यासारखं आहे. आमच्या गटानं आता ठरवलंय, बोअरचं कर्ज हवं तर आधी शेजारच्या पाच विहिरी-बोअरची माहिती वहीत लिहून आणायची. खोली किती, पाणी किती फुटांवर लागलं, मे महिन्यात किती उरतं. ती वही घेऊन भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात सल्ला घ्यायचा.

नारळ देवापुढे फोडू. बोअरची जागा मात्र विचारून ठरवू.