पारा सांताक्रूझचा, उकाडा आपला

फेब्रुवारी संपता संपता भारतीय हवामानशास्त्र विभाग मार्च ते मे या तीन महिन्यांचा अंदाज जाहीर करतो आणि ‘यंदा उन्हाळा कडक’ असे मथळे झळकू लागतात. अंदाज उपयोगाचाच असतो. पण तो एका मोठ्या प्रदेशाचा कल सांगतो. मिरा-भाईंदरमधल्या उत्तनची दुपार आणि काशिमिऱ्याची दुपार त्यात वेगळी दिसत नाही. रोजच्या बातमीतला ‘मुंबईचा पारा’सुद्धा कुलाबा आणि सांताक्रूझ या वेधशाळांतून येतो. आपण आपला उन्हाळा त्या आकड्यावर तोलतो आणि उष्णतेची लाट जाहीर झाली तरच सावध होतो. मला आज एवढेच पटवून द्यायचे आहे, की मिरा-भाईंदरसारख्या खाडीकाठच्या शहराने लाट जाहीर होण्याची वाट पाहू नये. वाऱ्याची दिशा, हवेतला दमटपणा आणि रात्रीचा पारा यांवरून आपली सावधगिरी आपणच ठरवावी.

लाट कशाला म्हणतात ते आधी पाहू. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश असावे लागते, किनारपट्टीवर ३७. ते सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी चढलेलेही असावे लागते. शिवाय हवामान उपविभागातल्या निदान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस हे घडले, तर दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. आपल्याकडे ही अट पुरी होते ती बहुधा मेच्या आधीच, आणि त्यामागे सूर्याइतकाच वारा असतो. एरवी दुपार चढण्याआधी समुद्रावरून वारा सुटतो आणि पारा अडतो. पण पूर्वेचा कोरडा वारा जोरात असला, की तो सह्याद्री उतरताना दर शंभर मीटरला सुमारे एक अंशाने आणखी तापतो आणि समुद्राच्या वाऱ्याला दुपारी उशिरापर्यंत किनाऱ्यावरच थोपवून धरतो. मधल्या दोन-तीन तासांत पारा झपाट्याने चढतो. सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२, २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ आणि २५ मार्च २०१८ रोजी ४१ अंश नोंदले गेले. या सगळ्या तारखा मार्च-एप्रिलच्या आहेत. २०२५ मध्ये तर २५ आणि २६ फेब्रुवारीलाच मुंबई, ठाणे व रायगडसाठी लाटेचा इशारा द्यावा लागला आणि सांताक्रूझचा पारा ३८.७ वर गेला. म्हणून उद्या किती अंश, या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे: उद्या समुद्राचा वारा किती वाजता आत येणार?

आणि तो सर्वांपर्यंत सारखा येत नाही. उत्तन, पाली, चौकच्या किनाऱ्याला तो पहिल्यांदा लागतो. राई, मुर्धा, मोर्वा ही गावे, कांदळवने आणि मिठागरांची मोकळी जमीन ओलांडून तो भाईंदर पश्चिमेला पोहोचतो. रेल्वेमार्गाच्या पूर्वेला मात्र त्याच्या वाटेत इमारतींच्या भिंतीच भिंती आहेत. महामार्गाजवळच्या काशिमिऱ्यात तो येतो तेव्हा तापलेल्या डांबरावरून आणि काँक्रीटवरून आलेला असतो, आणि मागे डोंगर. त्यात भाईंदर पूर्वेचे स्टीलच्या भांड्यांचे गाळे धरा: वर पत्रा, आत पॉलिशची यंत्रे, खिडकी असली तर नावाला. वेधशाळेचा तापमापक सावलीत, हवेशीर पेटीत, मोकळ्या जागी असतो. तसाच तो असायला हवा, त्याशिवाय नोंदींची तुलना होणार नाही. पण गाळ्यातल्या कामगाराचा उकाडा त्या पेटीत मोजला जात नाही. कांदळवने आणि मिठागरे बुजवू नयेत असे आपण पुराच्या भीतीने म्हणतो. वाऱ्याची वाट म्हणूनही ती राखली पाहिजेत.

दमटपणाचे गणित तर याहून फसवे आहे. घाम सुकतो तेव्हा शरीर निवते, आणि दमट हवेत तो सुकत नाही. ३४ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर अमेरिकी हवामान सेवेच्या कोष्टकाप्रमाणे अंगाला जाणवणारी उष्णता चाळिशी ओलांडते. कोरड्या हवेतल्या खऱ्या चाळिशीपेक्षाही ती जास्त भरते. व्याख्येच्या दृष्टीने मात्र ३४ अंशांना लाट नसते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या समारंभात लाखो माणसे भर उन्हात बसली आणि उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी मुंबई परिसरातल्या नोंदी चाळिशीच्या खालीच होत्या. खाडीकाठच्या माणसांनी ही घटना विसरू नये.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: कोकणाला उकाडा नवा का आहे? नवा नाही, आणि म्हणूनच इथल्या जुन्या लोकांनी त्याभोवती जगणे बेतले होते. कौलारू छपरे, पडवी, दारची झाडे, आणि उन्हातली कामे सकाळी व तिसऱ्या प्रहरानंतर. २०११ च्या जनगणनेत ८,०९,३७८ लोकसंख्या असलेल्या या शहरात आज बहुतेक माणसे स्लॅबखाली राहतात. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता सोडतो आणि किमान तापमान खाली न आल्याने शरीराला विसावा मिळत नाही. सोसण्याची सवय उरली, सोसवणारी घरे गेली. वातानुकूलन हे सर्वांचे उत्तर नाही. ते एकाची खोली थंड करून गरम हवा शेजारच्या गल्लीत सोडते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वरचेवर इशारे दिले तर लोक कान देणार नाहीत, आणि हातावर पोट असलेला माणूस काम सोडणार तरी कसा? पहिल्या भागाचे उत्तर अहमदाबादने दिले आहे. तिथे मे २०१० मध्ये पारा ४६.८ वर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याचा स्वतःचा आराखडा केला. इशारा कोणत्या तापमानाला द्यायचा तेही आपले आपण ठरवले. पुढच्या अभ्यासात वर्षाला अकराशेहून अधिक मृत्यू टळल्याचा अंदाज निघाला. नेमका आणि स्थानिक इशारा लोक ऐकतात, हा त्याचा अर्थ. दुसऱ्या भागाला मात्र नुसता इशारा पुरणार नाही, हे मी मान्य करतो. मजुरी बुडवून घरी बसा, असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण बारा ते चारची जड कामे सकाळी घेणे, गाळ्यांच्या पत्र्यावर पांढरा रंग देणे, नाक्यांवर पिण्याचे पाणी आणि सावली ठेवणे, यांत कोणाची मजुरी बुडत नाही.

महापालिकेने उत्तन, भाईंदर आणि काशिमिरा इथे तापमान, आर्द्रता आणि वारा रोज मोजून ते आकडे जाहीर करावेत, आणि दवाखान्यांत येणाऱ्या उष्णतेच्या रुग्णांची नोंद त्यांच्याशी ताडून या शहरासाठी इशाऱ्याची मर्यादा ठरवावी, अशी मागणी आपण सर्वांनी मिळून करू या. तोवर ज्या दिवशी सकाळपासून पूर्वेचा वारा असेल किंवा रात्रभर घाम सुकला नसेल, त्या दिवशी सर्वांत वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांकडे दुपारी एकदा जाऊन या.