चिठ्ठीवरचे नाव

सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसतात. त्या कोणाच्या, हे मात्र दिसत नाही. विकृतिविज्ञानाच्या प्रयोगशाळेत नावनिशीविषयी जी कमालीची दक्षता पाळली जाते, तिचे मूळ या उणिवेत आहे. पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणाऱ्या प्रोस्टेट, म्हणजेच पुरःस्थ ग्रंथीच्या तपासणीत याचा विशेष प्रत्यय येतो.

या ग्रंथीत कर्करोगाची शंका आली, म्हणजे तिच्या निरनिराळ्या भागांतून सुईने ऊतकाचे तुकडे काढतात. रूढ पद्धतीत ते १२ असतात : ६ उजव्या बाजूचे व ६ डाव्या. प्रत्येक तुकडा शेवईसारखा बारीक, जाडी सुमारे १ मिलिमीटर व लांबी एक-दीड सेंटिमीटर. बाराही तुकडे दिसावयास सारखेच. शेजारच्या रुग्णाचेही हुबेहूब तसेच.

म्हणून तुकडा फॉर्मॅलिनच्या कुपीत पडताच कुपीवर चिठ्ठी हवी. ती कुपीच्या अंगावर लावावयाची, झाकणावर नव्हे. कारण झाकणांची अदलाबदल सहज होते. चिठ्ठीवर रुग्णाचे पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि तुकडा कोणत्या भागातील, हे सारे असावे लागते. नुसते नाव पुरत नाही. एकाच नावाचे दोन रुग्ण एकाच दिवशी यादीत असू शकतात.

प्रयोगशाळेत कुपी व सोबतचा अर्ज ताडून पाहिल्यावर तुकडे पातळ कागदात गुंडाळून सच्छिद्र डबीत ठेवतात. पुढे ही डबी अल्कोहोल व झायलीन या द्रवांतून जाते. साधी शाई त्यांत विरघळते आणि तिच्याबरोबर रुग्णाची ओळखही पुसली जाते! शिसपेन्सिलीचे अक्षर मात्र टिकते. आज अनेक ठिकाणी क्रमांक यंत्राने छापला जात असला, तरी ही साधी पेन्सिल अद्याप निरुपयोगी ठरलेली नाही.

नंतर तुकडा पॅराफिन मेणात बसवून त्याचे सुमारे ४ मायक्रॉन जाडीचे, म्हणजे मिलिमीटरच्या अडीचशेव्या भागाएवढे, काप घेतात. ते कोमट पाण्यावर तरंगवून काचपट्टीवर उचलतात. त्या पाण्यावर आधीच्या रुग्णाचा एखादा कण राहिला, तर तोही पट्टीवर चिकटू शकतो. म्हणून दोन रुग्णांच्या मध्ये पाण्याचा पृष्ठभाग स्वच्छ करावयाचा आणि पट्टीवरील क्रमांक मेणाच्या ठोकळ्याशी त्याच क्षणी ताडावयाचा, असा दंडक आहे.

अमेरिकेतील डॉक्टर डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ मध्ये मांडलेली, पेशींच्या रचनेवरून रोगाची श्रेणी ठरविण्याची पद्धत सुधारित स्वरूपात आजही वापरली जाते. त्या श्रेणीचा आधार घेऊन शस्त्रक्रिया, किरणोपचार की केवळ देखरेख, हे ठरते. दोन रुग्णांच्या कुप्या बदलल्या, तर निरोगी माणसाची ग्रंथी काढली जाईल आणि रोगी निश्चिंत मनाने घरी जाईल. तज्ज्ञाचे निदान अचूक असूनही दोघांवर अन्याय होईल. शंका आल्यास डीएनए तपासून तुकड्याचा खरा धनी शोधता येतो; परंतु त्यासाठी आधी शंका यावी लागते.

या साखळीचा पहिला दुवा रुग्णाच्याही हाती आहे. तपासणीपूर्वी नाव विचारले असता नुसती मान न डोलावता त्याने ते स्वतः पूर्ण उच्चारावे आणि शक्य असल्यास कुपीवरील चिठ्ठी पाहून घ्यावी. कोणताही जाणता डॉक्टर याचा राग मानणार नाही.