लांब पल्ल्याची धाव : तहान आणि भूक

१९२० सालीं बेल्जममधील अँटवर्प शहरीं ऑलिंपिक सामने झाले. तेथील मॅरेथॉन शर्यतींत हिंदुस्थानचे दोन धावपटु उतरले होते. एक बेळगांवचे फडेप्पा चौगुले व दुसरे साताऱ्याचे सदाशिव दातार. त्या वर्षींचा पल्ला ४२ किलोमीटर ७५० मीटरांचा होता. चौगुले यांनीं तो २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत पुरा करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. दातार यांना मात्र शर्यत पुरी करतां आली नाहीं. धावतांना काय प्यावें व काय खावें, याचें शास्त्र त्या काळीं जगांत कोणाजवळच नव्हतें. १९०४ सालीं सेंट लुइस येथें भर उन्हांत, धुळीच्या रस्त्यावर आणि पाण्याची जवळ जवळ कांहींच सोय नसतां हीच शर्यत घेण्यांत आली, तेव्हां ३२ जणांपैकीं अवघे १४ शेवटास पोंचले.

आज ही धाव थोड्यांची राहिलेली नाहीं. साताऱ्यास २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटांतून कासच्या रस्त्यानें २१ किलोमीटरांची डोंगरी शर्यत भरूं लागली आणि हजारों स्त्रीपुरुष तींत उतरूं लागले. माण तालुक्यांतील मोही गांवच्या ललिता बाबर यांनीं २०१२, २०१३ व २०१४ अशीं लागोपाठ तीन वर्षें मुंबई मॅरेथॉनमध्यें भारतीय स्त्रियांत पहिला क्रमांक पटकाविला, तेव्हांपासून खेड्यापाड्यांतील मुलींनाही हा मार्ग आपला वाटूं लागला. पायांचा सराव कसा करावा, हें आतां पुष्कळांना ठाऊक झालें आहे. पोटाचा सराव करावा लागतो, हें मात्र अद्यापि थोड्यांनाच ठाऊक आहे.

प्रथम पाण्याचा विचार करूं. जुन्या काळीं पाणी न पितां धावणें ही मर्दुमकी समजत. पुढें त्याच्या उलट, तहान लागण्यापूर्वींच जितकें पिववेल तितकें प्यावें, असा उपदेश सुरू झाला. दोन्ही गोष्टी घातकच. २००२ सालीं अमेरिकेंतील बोस्टन येथील मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचें रक्त तपासण्यांत आलें. त्यांपैकीं शेंकडा १३ जणांच्या रक्तांत सोडियमचें प्रमाण धोक्याच्या रेषेखालीं उतरलेलें आढळलें. त्याच शर्यतींत एक तरुण स्त्री याच विकारानें मरण पावली. घामावाटे गेलें त्याहून अधिक पाणी पोटांत गेलें, म्हणजे रक्तांतील क्षार पातळ होतात, मेंदूला सूज येते आणि मनुष्य बरळूं लागतो. हा धोका वेगानें धावणाऱ्यापेक्षां चार-पांच तास रेंगाळत धावणाऱ्यास अधिक. कारण त्याला घाम कमी येतो आणि पाणी पिण्यास सवड पुष्कळ मिळते.

मग पाणी प्यावें तरी किती? याचें उत्तर सातारा व सांगली हीं दोन शहरेंच देतील. समजा, सांगलीचा एक साठ किलो वजनाचा धावपटु एप्रिल महिन्यांत आयर्विन पुलावरून कृष्णा ओलांडून दोन तास धावला. वाटेंत तो अर्धा लिटर पाणी प्याला. निघतांना त्याचें वजन ६० किलो होतें, परततांना ५९ भरलें. म्हणजे दोन तासांत त्याचा दीड लिटर घाम गेला. तासाला पाऊण लिटर. हाच मनुष्य भाद्रपदाच्या धुक्यांत यवतेश्वरचा घाट दोन तास चढला-उतरला आणि अर्धा लिटर पिऊन त्याचें वजन ५९ किलो ६०० ग्रॅम भरलें, तर त्याचा घाम अवघा नऊशें मिलिलिटर गेला. सांगलीच्या उन्हांत दोन तासांत दोन लिटर पाणी प्यावें, असें ठरवून तो साताऱ्यास गेला, तर तेथें तो एक लिटरहून अधिक पाणी अंगांत घेऊन परतेल. धावून आल्यावर वजन वाढलेलें दिसणें हीच धोक्याची पहिली घंटा होय.

म्हणून पाण्याचें माप पुस्तकांत शोधूं नये. तें घरच्या वजनकांट्यावर शोधावें. धावण्यापूर्वीं व नंतर, अंग पुसून, अगदीं कमी कपड्यांत वजन करावें. शेंकडा दोनपर्यंत, म्हणजे साठ किलोच्या मनुष्यास सव्वा किलोपर्यंत, घट आली तर चिंता नको. त्याहून अधिक घटलें तर पुढच्या वेळीं थोडें अधिक प्यावें. वाढलें तर कमी प्यावें. वाटेंत तहानेचा कौल मानावा आणि एकदम गटागटा न पितां घोट घोट घ्यावें.

आतां अन्नाचा विचार. स्नायु व यकृत यांत मिळून सुमारें चार-पांचशें ग्रॅम साखर ग्लायकोजनच्या रूपानें सांठविलेली असते. तिची शक्ति सुमारें २००० उष्मांकांची. सपाटीवर किलोमीटरमागें दर किलो वजनास जवळ जवळ एक उष्मांक खर्च होतो. म्हणजे साठ किलोच्या मनुष्यास मॅरेथॉनचे ४२ किलोमीटर पुरे करण्यास अडीच हजार उष्मांक लागतात. चरबीचा कांहीं हातभार लागतो. तरी तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास कोठार रिकामें होऊं लागतें, पाय शिशासारखे होतात व मन खचतें. हा मनाचा दुबळेपणा नव्हे. हा केवळ शिधा संपल्याचा परिणाम होय.

तासाच्या आंतील धावेला पाण्याखेरीज कांहीं नको. दीड तासाच्या पुढें मात्र तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदक पोटांत जावें. त्यासाठीं परदेशी पुड्याच घेतल्या पाहिजेत असें नाहीं. तासगांवचे चाळीस ग्रॅम बेदाणे सुमारें तीस ग्रॅम कर्बोदक देतात. एका केळ्यांतून किंवा गुळाच्या तीस ग्रॅमच्या खड्यांतून पंचवीस ग्रॅमच्या आसपास मिळतें. एक लिटर पाण्यांत ६० ग्रॅम साखर, पाव चमचा मीठ व एका लिंबाचा रस घातला, तर उत्तम पेय तयार होतें. याहून गोड केलेलें सरबत पोटांत रेंगाळून मळमळ आणतें. साताऱ्याचा कंदी पेढा कितीही रुचकर असला, तरी त्यांतील स्निग्धांश धावतांना पचत नाहीं. तो घरीं परतल्यावर खावा. ज्वारीची भाकरी व उसळ हा एरवींचा उत्तम आहार. परंतु लांब धावेच्या आदल्या रात्रीं साधा भात बरा, कारण कोंडा पोटांत गडबड करतो.

या सर्वांचा सराव दर रविवारच्या लांब धावेंत करावा. शर्यतीच्या दिवशीं जें खावयाचें, तेंच आधीं आठ-दहा वेळां, त्याच वेगानें धावतांना खाऊन पाहावें. पोटही हळूहळू शिकतें. शर्यतीच्या दिवशीं नवें कांहींही करूं नये. वेदनाशामक गोळी घेऊन धावणें तर सर्वथैव टाळावें. तिनें मूत्रपिंडावर ताण पडतो व सोडियम उतरण्याचा धोका वाढतो.

शेवटीं एक गोष्ट धावपटूंच्या घरच्यांनीं व सोबत्यांनीं लक्षांत ठेवावी. धावणारा अडखळूं लागला, बरळूं लागला, तर त्याला आग्रहानें पाणी पाजूं नये. अंग तापलेलें असेल तर तो उष्माघात समजावा. त्यास तत्काळ सावलींत नेऊन गार पाण्यानें भिजवावें, जमल्यास पाण्यांत बसवावें आणि मग रुग्णालयांत हलवावें. अंग तापलेलें नसेल, बोटें सुजलीं असतील, ओकारी व डोकेदुखी असेल आणि वाटेंत पाणी पुष्कळ प्यालें गेलें असेल, तर आणखी एक पेला पाणीही प्राणघातक ठरूं शकतो. अशा मनुष्यास पाणी न देतां ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावें.

दातार व चौगुले अँटवर्पला गेले तेव्हां हें सांगणारा कोणी नव्हता. आज घाट चढणाऱ्या मुलामुलींना तें ज्ञान सहज मिळूं शकतें. त्यासाठीं लागतो तो एक वजनकांटा, खिशांत मूठभर बेदाणे आणि आपल्याच शरीराचें ऐकण्याची संवय.