पेटी टांगल्यानंतरचे अकरा महिने

२० मार्च हा जागतिक चिमणी दिवस. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारानं २०१० पासून तो पाळला जातो. त्या सुमारास शाळांमध्ये, गृहसंस्थांमध्ये, बागांमध्ये लाकडी घरटी वाटली जातात, फोटो निघतात, पेटी खिळ्याला अडकते आणि मग बहुधा कुणी तिच्याकडे वळूनही बघत नाही. मला बोलायचं आहे ते या नंतरच्या अकरा महिन्यांबद्दल. पेटी लावायची तर ती वर्षभर सांभाळायची तयारी हवी, आणि तयारी नसेल तर ती न लावलेलीच बरी, असं माझं मत आहे.

पहिला आक्षेप ठरलेला असतो: पक्ष्यांना घर बांधता येतं, आपण कशाला मध्ये पडायचं? बुलबुल आणि शिंपी यांच्यापुरता तो बरोबर आहे. ते आपलं घरटं स्वतः विणतात आणि पेटीकडे फिरकतही नाहीत. चिमणी, दयाळ, साळुंकी, पिंगळा यांना मात्र तयार पोकळी लागते. तांबट किंवा सुतारपक्षी लाकूड कोरून बीळ करतो तसं त्यांना जमत नाही. जुन्या घरांनी ही पोकळी न मागता दिली: वळचण, कौलांखालची फट, तुळईचं टोक, भिंतीतली देवळी, तसबिरीच्या मागची जागा. स्लॅबच्या इमारतीत यातलं काहीच उरलं नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवरील अहवालात चिमणीची संख्या देशभर साधारण स्थिर, पण महानगरांत घटती दिसली. म्हणजे ‘चिमणी नामशेष होतेय’ ही ओरड खरी नाही, आणि कौलारू गावात ट्रकभर पेट्या नेऊन वाटण्यातही फारसा अर्थ नाही. गरज आहे ती जिथे भोकं बुजवली गेली तिथे.

पण पक्षी पेटी निवडतो तेव्हा तो अंधार बघतो, दाराचा आकार बघतो. मे महिन्यात दुपारी तीन वाजता आत काय होईल, हे मार्चमध्ये त्याला कळत नाही. ते आपल्याला कळायला हवं. पत्र्याची, प्लॅस्टिकची किंवा पातळ प्लायची पेटी पश्चिमेच्या भिंतीवर लावली, तर नागपूरसारख्या पंचेचाळीस अंशांच्या शहरात ती पिल्लांसाठी भट्टी ठरते. पिल्लांना उडता येत नसतं, त्यामुळे सुटका नाही. म्हणून फळी निदान दीड सेंटीमीटर जाडीची, आतून रंग किंवा वॉर्निश न लावलेली आणि थोडी खरखरीत असावी, म्हणजे पिल्लांना पाय रोवून वर चढता येतं. तोंड उत्तरेला किंवा पूर्वेला असलं की दुपारचं ऊन चुकतं आणि कोकणातला नैर्ऋत्येचा झोडपता पाऊसही. तळाला पाणी निथळायला बारीक भोकं हवीत. चिमणीसाठी दार ३२ मिलिमीटर व्यासाचं पुरतं. साळुंकीचं अंग त्यातून आत जात नाही, त्यामुळे ‘साळुंक्या बळकावतात’ ही तक्रार बहुतेक वेळा मोठ्या दाराची असते. खार मात्र भोक कुरतडून मोठं करते, त्यावर दाराभोवती पत्र्याची चकती ठोकणं हाच उपाय. दाराखाली बसायला दांडी लावायची हौस अनेकांना असते. चिमणीला तिची गरज नसते. सोय होते ती कावळ्याची आणि मांजराची.

आता देखभालीचा मुद्दा. परदेशी पुस्तकांत सप्टेंबरनंतर पेटी साफ करा असं लिहिलेलं असतं, कारण तिथला विणीचा हंगाम तोवर संपलेला असतो. आपल्याकडे असा एक हंगामच नाही. पिंगळा फेब्रुवारीपासून, दयाळ मार्च-एप्रिलपासून, साळुंकी पावसाळ्याच्या आगेमागे, आणि चिमणी तर जवळजवळ बाराही महिने घरटं करते, एकाच जागी एकामागून एक वीण काढते. तेव्हा कॅलेंडर बघून झाकण उघडणं चुकीचं. लांबून काही दिवस लक्ष ठेवावं. ये-जा पूर्ण थांबल्याची खात्री झाली की मगच जुनं गवत, पिसं काढावीत, आत उकळतं पाणी ओतावं आणि पेटी कडक उन्हात वाळवावी. जुन्या गवतात पिसवा, गोचिडी यांसारखे रक्त शोषणारे किडे टिकून राहतात आणि पुढच्या पिल्लांवर तुटून पडतात. कीटकनाशक मात्र फवारायचं नाही. नाकाला रुमाल आणि हातात मोजे पुरतात. पावसाळ्यानंतर बिजागरी गंजली आहे का, फळी फुगली आहे का, तार सैल झाली आहे का, हेही बघून घ्यावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पेटी दिली म्हणून पक्षी वाढतात का? नेहमी नाही. लंडनमध्ये बागेतल्या चिमण्यांना विणीच्या काळात अळ्या पुरवण्याचा प्रयोग झाला. त्यात जास्त पिल्लं घरट्याबाहेर पडली, पण एकूण संख्येवर त्याचा परिणाम मर्यादितच राहिला. मला यातून पेटीविरुद्धचा नव्हे, पेटीवर थांबण्याविरुद्धचा पुरावा दिसतो. दाणे टिपणारी चिमणीही पिल्लांना पहिले काही दिवस प्रामुख्यानं अळ्या आणि किडेच भरवते. वाटीभर बाजरीनं ही गरज भागत नाही. आणि ज्या बागेत दर पंधरवड्याला फवारणी होते, तिथली पेटी म्हणजे स्वयंपाकघर नसलेलं घर. कढीपत्त्याच्या आणि लिंबाच्या कुंडीवर फुलपाखरांच्या अळ्या होतात. पानं थोडी कुरतडलेली दिसली तर दिसू द्यावीत. कोपऱ्यात थोडं गवत माजू द्यावं. सोसायटीच्या माळ्याला हे पटवणं पेटी ठोकण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, हे मान्य.

शेवटी एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. सर्वांत उत्तम पेटी आपण दरवर्षी स्वतःच तोडतो. पावसाळ्यापूर्वीची झाडांची छाटणी नेमकी एप्रिल-मेमध्ये येते, आणि वाळकी फांदी धोकादायक म्हणून सर्वांत आधी जाते. तांबटाचं बीळ असतं ते नेमकं तिच्यात, आणि त्यानं सोडलेल्या बिळात पुढे दुसरा एखादा पक्षी संसार थाटतो. रस्त्यावर, गाड्यांवर झुकलेली फांदी काढावीच लागेल. पण आवाराच्या आतल्या बाजूची, कुणाच्या डोक्यावर न येणारी फांदी भोक तपासून मगच कापावी. इमारतीच्या रंगकामालाही हेच लागू. परांची बांधण्यापूर्वी भिंतीवरच्या पेट्या आणि फटी बघून घ्याव्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या ‘शिकार’ या व्याख्येत पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना उपद्रव देणंही येतं. रंगाऱ्याला किंवा छाटणीच्या ठेकेदाराला ते ठाऊक असण्याची शक्यता कमी. त्यामुळे ही अट कामाच्या करारातच एका ओळीत लिहिलेली बरी, आणि पेट्या कोणी, केव्हा उघडायच्या हेही संस्थेच्या वार्षिक सभेत एखाद्याच्या नावावर नोंदवून टाकावं.