ओस्लोची सतरा मे : मुलांच्या हाती सोपविलेला राष्ट्रदिन



एखाद्या देशाची राजधानी तिच्या राष्ट्रीय सणाच्या दिवशी पाहणे आणि एरवी पाहणे यात फार मोठे अंतर असते. एरवी प्रवाशाला इमारती दिसतात, त्या दिवशी माणसे दिसतात. नॉर्वेची राजधानी ओस्लो हे तसे शांत, काहीसे अबोल शहर. अनोळखी माणसाशी आपण होऊन बोलणे तिथल्या स्वभावात बसत नाही. पण १७ मेच्या सकाळी जो परदेशी पाहुणा हॉटेलमधून बाहेर पडतो, त्याला पहिल्याच चौकात कोणीतरी आजीबाई हसून ‘आजच्या दिवसाच्या शुभेच्छा’ देतात, दुसऱ्या चौकात एखादे लहान मूल हातातला कागदी ध्वज हलवते, आणि तो पाहुणा चक्रावून जातो. हेच का ते कालचे शहर?

सकाळी आठ वाजता ध्वज चढतात. सरकारी इमारतींवर तर चढतातच, पण घराघरांच्या सज्जांवर, ट्रामवर, बाळांच्या ढकलगाड्यांवरही लाल रंगावरची ती पांढऱ्या किनारीची निळी फुली झळकू लागते. रस्त्यांवर जो वेश दिसतो तो वर्षभर कपाटात जपून ठेवलेला असतो. त्याला ‘बुनाड’ म्हणतात. लोकरीचा, भरतकामाने नटलेला, चांदीच्या पदकांनी सजलेला हा पोशाख खोऱ्याखोऱ्यांत वेगळा असतो. जाणकार मनुष्य नुसत्या भरतकामावरून बाई कोणत्या भागातली हे सांगू शकतो. तो स्वस्त नसतो. पुष्कळ मुलींना तो पंधराव्या वर्षाच्या सुमारास घरच्यांकडून भेट मिळतो आणि पुढे आयुष्यभर पुरतो. गावोगावी विसरत चाललेले हे वेश विसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा प्रचारात यावेत म्हणून हुल्डा गारबोर्ग या लेखिकेने मोठी खटपट केली होती. आज बँकेतली अधिकारी स्त्री आणि शेतकऱ्याची बायको त्या एका दिवशी सारख्याच अभिमानाने तो घालून निघतात.

दहा वाजता मुख्य संचलन सुरू होते. येथे भारतीय पाहुण्याची नजर सवयीने काही गोष्टी शोधू लागते : रणगाडे, क्षेपणास्त्रे, लष्करी तुकड्या. त्यांतले काहीही येत नाही. राजाच्या रक्षकदलाचे घोषपथक तेवढे दिसते, आणि त्याच्या मागून येतात ती शाळेची मुले. शंभराहून अधिक शाळा, प्रत्येक शाळेपुढे तिचा रेशमी निशाण, मागे तिचे स्वतःचे घोषपथक आणि त्यामागे वर्गशिक्षकांचा हात धरून चालणारी पहिली-दुसरीतली चिमुरडी. तुतारी त्या वादकापेक्षा मोठी आहे की काय असे वाटावे अशी दृश्ये जागोजागी. सूर अधूनमधून चुकतो. त्याचे कोणाला काही वाटत नाही. संसदेपुढून ही रांग कार्ल युहान रस्त्याने राजवाड्याच्या टेकडीकडे चढत जाते. सज्जात राजकुटुंब उभे असते आणि शेवटची शाळा जाईपर्यंत, म्हणजे काही तास, हात हलवीत राहते. राजाने प्रजेला मानवंदना द्यावी, तीही सात वर्षांच्या प्रजेला, असा हा प्रकार आहे. ही प्रथा १९०६ पासूनची.

हे असे का, हे समजून घ्यायचे तर दोनशे वर्षे मागे जावे लागेल.

चार शतकांहून अधिक काळ नॉर्वे डेन्मार्कच्या राजाखाली होता. नेपोलियनच्या युद्धांत डेन्मार्क हरणाऱ्या बाजूला राहिला आणि जानेवारी १८१४ मध्ये कील येथील तहाने नॉर्वे हा देश स्वीडनच्या राजाला देऊन टाकण्यात आला. जणू शेतजमिनीचा सातबारा दुसऱ्याच्या नावे करावा! नॉर्वेच्या लोकांना कोणी विचारले नाही. तेव्हा त्यांनी आपले प्रतिनिधी निवडले आणि ओस्लोच्या उत्तरेला आयड्सव्हॉल येथील एका कारखानदाराच्या वाड्यात ते जमले. एकूण ११२ माणसे. त्यांत ५९ अधिकारी, ३७ शेतकरी आणि १६ व्यापारी-कारखानदार होते. अगदी उत्तरेकडच्या भागातले प्रतिनिधी तर येऊच शकले नाहीत, इतकी घाई होती. १० एप्रिलला सभा सुरू झाली आणि १७ मे १८१४ रोजी राज्यघटनेवर सह्या झाल्या. सभा विसर्जित करताना सर्वांनी एकमेकांचे हात धरून डोव्र पर्वत कोसळेपर्यंत एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली.

स्वातंत्र्य मात्र मिळाले नाही. त्याच उन्हाळ्यात स्वीडनने लढाई केली, ती काही आठवड्यांतच संपली आणि नोव्हेंबरमध्ये नॉर्वेला स्वीडनच्या राजाचे छत्र मान्य करावे लागले. पण एक गोष्ट त्यांनी सोडली नाही, ती म्हणजे घटना. काही कलमे बदलली, परंतु घटना राहिली. पुढे ७ जून १९०५ रोजी स्वीडनशी असलेले नाते संपले आणि देश पूर्ण स्वतंत्र झाला. त्या ७ जूनला नॉर्वेत ध्वज लावतात. सुट्टी मात्र नसते, संचलनही नसते. आपल्याकडे १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी असे दोन दिवस आपण मानतो. तिकडे सगळा जीव घटनेच्या दिवसात आहे.

आणि हा दिवस साजरा करणे हाच एके काळी अपराध होता. स्वीडनचा राजा कार्ल युहान हा मूळचा फ्रेंच. नेपोलियनचा सेनापती बेर्नादोत तो हाच. नॉर्वेच्या लोकांनी सतरा मे साजरी करणे म्हणजे आपल्याविरुद्ध निदर्शन आहे असे त्याला वाटे, आणि त्याचे ते वाटणे अगदीच चुकीचे नव्हते. १८२८ मध्ये त्याच्या दडपणाखाली उत्सव थांबविण्यात आला. पुढच्या वर्षी, १७ मे १८२९ रोजी, राजधानीच्या बंदरात एक आगबोट आली. तिचे नावच ‘कॉन्स्टिट्यूशनेन’, म्हणजे ‘राज्यघटना’. बंदी उत्सवावर होती, आगबोट पाहायला जाण्यावर नव्हती! लोक जमले, बोटीचा जयजयकार झाला, गर्दी बाजारचौकात आली. स्वीडिश राज्यपालाने घोडदळ सोडले. निःशस्त्र लोकांवर घोडे घातले गेले. त्या गर्दीत हेन्रिक वेर्गेलान् नावाचा विद्यार्थी होता. वय वीस. त्याचे वडील आयड्सव्हॉलच्या त्या ११२ जणांपैकी एक. पुढे तो नॉर्वेचा मोठा कवी झाला आणि सतरा मेच्या उत्सवाचा जनक मानला गेला. बंदी फार काळ टिकली नाही. १८३३ मध्ये सतरा मेला पहिले जाहीर भाषण झाले ते याच वेर्गेलान्‌चे.

इतिहासाचा विनोद पाहा. ज्या कार्ल युहानने हा दिवस बंद पाडला त्याचेच नाव आज राजधानीच्या मुख्य रस्त्याला आहे, राजवाड्यापुढे त्याचाच अश्वारूढ पुतळा आहे, आणि दर सतरा मेला हजारो मुले त्याच्या नावाच्या रस्त्यावरून, त्याच्या घोड्याच्या नाकापुढून, ध्वज नाचवीत जातात. त्याच रस्त्याच्या कडेला वेर्गेलान्‌चाही पुतळा आहे. नॉर्वेने कोणाचाच पुतळा हलविला नाही.

मुलांचे संचलन ही कल्पना मात्र नंतरची. ती दुसऱ्या एका साहित्यिकाने, ब्यॉर्नस्टयेर्ने ब्यॉर्नसन याने, १८७० च्या सुमारास रुजविली. राष्ट्रगीत लिहिणारा तो हाच. १९०३ चे साहित्याचे नोबेल त्याला मिळाले. मोठ्यांची संचलने कोणत्या ना कोणत्या पक्षाची होतात, मुलांचे संचलन सर्वांचे होते, हे त्याने ओळखले असावे. आरंभी त्यात फक्त मुलगे असत. मुली आल्या १८८९ मध्ये.

शाळा आणि राष्ट्रदिन यांची ही गाठ किती घट्ट होती, याची कसोटी १९४२ मध्ये लागली. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले. राजा हाकोन परदेशी गेला आणि तिथून लढा चालवीत राहिला. मायदेशी क्विस्लिंग नावाचा फितूर जर्मनांच्या आश्रयाने सत्तेवर बसला. त्याचे आडनाव इंग्रजीत ‘देशद्रोही’ या अर्थाने रूढ झाले आहे. सतरा मेचे उत्सव बंद झाले. लोक कोटाच्या कॉलरला कागदाची टाचणी, म्हणजे साधी पेपरक्लिप, लावू लागले. ‘आपण एकमेकांना धरून आहोत’ एवढाच तिचा अर्थ. तिच्यावर बंदी आली. लाल लोकरी टोप्या घालू लागले, तर १९४२ च्या फेब्रुवारीत लाल टोपीवरही बंदी आली. टोपीला भिणारी सत्ता किती भक्कम असेल!

त्याच सुमारास क्विस्लिंगने शिक्षकांची सक्तीची संघटना काढली आणि मुलांना आपल्या युवक दलात ओढण्याचा घाट घातला. बहुसंख्य शिक्षकांनी साध्या पत्राने कळविले, की हे आपल्या विवेकाला मान्य नाही. सुमारे ११०० शिक्षक पकडले गेले. त्यांतल्या पाचशेहून अधिकांना बोटीत कोंबून उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे किर्केनेसला वेठबिगारीला पाठविले. गणित, व्याकरण शिकविणारी ही मध्यमवयीन माणसे तिथे बर्फात ओझी वाहत राहिली. पण ती संघटना उभी राहिली नाही. शेवटी सरकारलाच माघार घ्यावी लागली आणि शिक्षक परत आले. ८ मे १९४५ रोजी देश मुक्त झाला. नऊ दिवसांनी सतरा मे आली. पाच वर्षे लपवून ठेवलेले ध्वज बाहेर पडले. त्या दिवशी रस्त्यावर चालणाऱ्या पहिलीतल्या मुलांनी सतरा मेचे संचलन याआधी कळत्या वयात पाहिलेलेच नव्हते.

येथवरची कथा कोणत्याही राष्ट्राला अभिमान वाटावा अशी आहे. पण ओस्लोच्या सतरा मेला एक दुसरी जागाही पाहण्यासारखी असते, आणि गर्दीचे प्रवासी तिकडे सहसा जात नाहीत. ती म्हणजे ‘आमचा तारणहार’ या नावाची जुनी दफनभूमी. तिथे वेर्गेलान्‌ची कबर आहे. दर सतरा मेला तिथे ओस्लोतील ज्यू समाजाचे तरुण पुष्पचक्र वाहतात.

कारण असे, की आयड्सव्हॉलच्या त्या उदार घटनेच्या दुसऱ्याच कलमात ज्यूंना नॉर्वेत प्रवेश नाही, असे लिहिलेले होते. स्वातंत्र्याचा एवढा ध्यास घेतलेल्या ११२ जणांनी ते लिहिले होते, आणि ते घडविण्यात वेर्गेलान्‌च्या वडिलांचाही हात होता. मुलाने ते कलम काढण्यासाठी हयात वेचली. १८४२ मध्ये संसदेत बहुमत मिळाले, पण घटना बदलायला दोन तृतीयांश मते लागतात, ती मिळाली नाहीत. १८४५ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी तो गेला. कलम रद्द झाले ते १८५१ मध्ये. त्याच्या कबरीवरचे स्मारक नॉर्वेबाहेरच्या ज्यूंनी उभारले. आत येण्याची त्यांना तेव्हा परवानगीच नव्हती.

क्विस्लिंगने १९४२ मध्ये ते कलम पुन्हा जिवंत केले. त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला ‘डोनाऊ’ या जहाजाने ओस्लो बंदरातून पाचशेहून अधिक ज्यू स्त्री-पुरुष-मुलांना मृत्यूकडे नेले. त्यांना घराघरांतून उचलून आणणारे बरेचसे पोलीस जर्मन नव्हते, नॉर्वेचेच होते. देशाच्या पंतप्रधानांनी त्याबद्दल जाहीर क्षमायाचना केली, पण ती २०१२ मध्ये. शिक्षकांचे शौर्य आणि पोलिसांचे हे कृत्य एकाच वर्षातले, एकाच देशातले. सतरा मेच्या सकाळी कबरीवर ठेवलेले ते पुष्पचक्र हा हिशेब विसरू देत नाही. उत्सवाला त्याने उणेपणा येत नाही. उलट तो उत्सव खरा वाटतो.

आपल्यात कोण आणि परका कोण, हा प्रश्न नंतरही उठलाच. १९७० नंतर पाकिस्तानातून आणि अन्य देशांतून आलेल्या कामगारांची मुले ओस्लोच्या शाळांत दिसू लागली. १९८३ मध्ये अशी बरीच मुले असलेल्या एका शाळेला धमकी आली, की ती सतरा मेच्या संचलनात उतरली तर बॉम्ब उडेल. शाळा घरी बसली नाही. ती निघाली, आणि तिला सोबत करायला, तिचे कौतुक करायला शहरातले लोक मोठ्या संख्येने रस्त्यावर आले. आज त्या रांगेत सावळे, गोरे, डोक्याला रुमाल बांधलेले असे चेहरे दिसतात. हातातला ध्वज एकच. यावरचे सगळे वाद तिथे मिटलेले आहेत असे मात्र कोणी समजू नये.

दुपारी संचलन संपले, की खरी धमाल. त्या दिवशी मुलाने किती आइस्क्रीम खावे याला मर्यादा नसते, असा घराघरांतला अलिखित नियम आहे. शाळांच्या अंगणात पोत्यांच्या शर्यती, पावातले सॉसेज, आयांनी आणलेले साईचे केक. शालान्त परीक्षेच्या वर्गातले तरुण लाल-निळ्या विजारी घालून कित्येक आठवडे जो हुल्लडखोर जल्लोष करीत असतात, त्याचाही हा शेवटचा दिवस. ते मात्र इतके दमलेले असतात, की संचलनात डोळे मिटूनच चालतात! वृद्धाश्रमांसमोर घोषपथके थांबून वाजवितात. खिडकीत चाकाच्या खुर्चीवर बसलेले कोणी आजोबा हातातला ध्वज हलवितात. त्यांच्या वयाकडे पाहिले, तर १९४५ ची सतरा मे त्यांनी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेली असू शकते.

मेच्या मध्यावर ओस्लोत सूर्य रात्री पावणेदहाच्या सुमारास मावळतो. पण नियमाप्रमाणे ध्वज नऊच्या पुढे फडकू द्यायचा नाही. म्हणून लख्ख उजेड असतानाच घराघरांतली माणसे सज्जात येतात, दोरी सैल करतात, कापड जमिनीला लागू न देता हातावर घेतात आणि घडी घालतात. खाली रस्त्यावर झाडणाऱ्या गाड्या फिरू लागलेल्या असतात. बापाच्या खांद्यावर झोपी गेलेल्या एखाद्या मुलीच्या मुठीत मात्र तो कागदी ध्वज तसाच असतो. आई तो हलकेच सोडवायला जाते आणि ती झोपेतच मूठ आवळते.