टपालात गेलेल्या दिवसांचे मोल

अमेरिकेत २००२ साली ‘गेमफ्लाय’ कंपनीने मासिक वर्गणीवर व्हिडिओ गेमच्या तबकड्या टपालाने भाड्याने देण्यास आरंभ केला. अशा व्यवहारात ग्राहक वस्तुतः काळ विकत घेतो. तबकडी वाटेत रखडली तरी वर्गणी चालूच राहते. विलंबाचा भुर्दंड त्याच्याच माथी.

त्यात टपालयंत्रांत तबकड्या फुटत. ‘नेटफ्लिक्स’सारख्या बड्या गिऱ्हाइकाची पाकिटे कर्मचारी हाताने वेगळी काढीत, गेमफ्लायला मात्र तबकड्या वाचवण्यासाठी जादा दर मोजावा लागे. २००९ साली तिने टपाल नियामक आयोगाकडे दाद मागितली. २०११ साली आयोगाने पक्षपात मान्य केला, पण उपाय अपुरा योजला. २०१३ साली न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, तेव्हा कोठे समान दराचा आदेश निघाला.

पुढे २०२१ साली याच खात्याने पहिल्या वर्गाच्या टपालाची कमाल मुदत तीन दिवसांवरून पाचांवर नेली. झळ बसली ती दूर अंतरावरच्या टपालाला.

खेळ ही बाब क्षुल्लक असेल. तत्त्व क्षुल्लक नाही. लहानांचा पैसा आणि दूरस्थांचा वेळ खर्ची घालून चालणारी सेवा सरकारी मालकीची असूनही पुरतेपणी सार्वजनिक ठरत नाही.